शेवटचं कडवं कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मराठीतल्या युद्धकवितांवर जो लेख आला तो दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं आपलंच काहीतरी वाचायचं राहिलं. लेखकाने पोवाड्यापासून सुरुवात करून थेट 'जिंकू किंवा मरू'पर्यंत यादी लावलीय आणि शेवटी म्हटलंय की मराठी कवीला लढाई म्हटलं की फक्त स्फुरण चढतं, लढाईची किंमत काय असते ते लिहावं इंग्रजांच्या कवींनी. हे काही पटलं नाही बुवा. पत्र थोडं लांब होईल, कापायचंच असेल तर मधलं कापा, शेवट ठेवा.

आधी माझं सांगतो. मी सातारा जिल्ह्यातला, आमच्या भागात घरटी नाही तरी दोन घरांआड एक माणूस मिलिट्रीत. आमचे दादा, म्हणजे वडील, पोस्टमन होते. १९७१ च्या डिसेंबरात मी चौथीत होतो. तेव्हा गावात दादांची सायकल शिरली की विहिरीवरच्या बायका पाणी शेंदायच्या थांबायच्या, कारण पत्र असलं तर दादा लांबूनच घंटी वाजवत यायचे आणि तार असली की सायकल हातात धरून चालत यायचे. तार इंग्रजीत. दादांचं इंग्रजी जेमतेम, पण 'रिग्रेट' हा शब्द त्यांना पाठ होता आणि नंतर नंतर तर सगळ्या गावालाच पाठ झाला, ज्या म्हाताऱ्यांना स्वतःची सही येत नव्हती त्यांनाही. वरच्या आळीतल्या एका घरी त्यांनी अशी तार दिली, त्या घरातली सून तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची, अंगावर पिणारं पोर. दादा त्या दिवशी जेवले नाहीत एवढंच मला आठवतं. बाकी घरात कोणी काही बोललं नाही.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या २६ जानेवारीला आमच्याकडच्या एका शाळेत कार्यक्रम होता. एका पोराने 'वेडात मराठे वीर दौडले सात' म्हटलं, खणखणीत म्हटलं, भगवा फेटा, हातात पुठ्ठ्याची तलवार. पण शेवटचं कडवं गायब! मी नंतर सरांना विचारलं तर म्हणाले तीन मिनिटांचाच टाइम होता हो, आणि शेवटी जरा जोश कमी होतो ना त्यात. आता काय बोलायचं यावर. कुसुमाग्रजांनी ते कडवं जोश कमी करायलाच लिहिलंय की. सात जण गेले, वणव्यात जळाले, इथे कविता सहज संपवता आली असती आणि टाळ्याही मिळाल्या असत्या, पण ते थांबत नाहीत, दगडावरच्या टाचा दाखवतात, ओढ्यातलं रक्त दाखवतात आणि म्हणतात की तिथे वाऱ्यावर अजून कुणीतरी विराणी गातंय. पोवाडा नाही म्हटलेलं, विराणी म्हटलंय. आणि सुरुवातीला बघा, तलवार म्यानातून उसळायच्या आधी प्रतापरावांच्या डोळ्यांचे काठ ओलावतात. एवढं सगळं समोर असताना याला नुसतं वीररसाचं गाणं म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

शिवाय त्या प्रसंगाचा हिशेब तरी बघा. २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत सरनौबत, म्हणजे सेनापती प्रतापराव, पडला आणि ६ जूनला राज्याभिषेक, म्हणजे जेमतेम साडेतीन महिने राहिले होते. कवितेत एक ओळ आहे की मागे सेना आश्चर्याने बघत राहिली, ती मला नेहमी खटकते, म्हणजे चांगल्या अर्थाने. सेनापतीच निघून गेला तर मागे राहिलेल्यांनी करायचं काय! पुढे महाराजांनी प्रतापरावांची मुलगी जानकीबाई राजारामांसाठी सून करून आणली. तुळशीदास शाहिराचा सिंहगडाचा पोवाडा घ्या, तोसुद्धा लग्नावरच उभा आहे, रायबाच्या. म्हणजे आपल्याकडे लढाईची किंमत सांगायची ती लग्नघर दाखवून. मांडव घालायचा राहिला एवढं म्हटलं की ऐकणाऱ्या बाईमाणसाला पुढचं सांगावं लागत नाही. पोवाडा म्हणजे डफ, तुणतुणं आणि मागे झीलकऱ्यांचं जी जी रं जी, हे खरंच, आणि शाहिराचं पोट बिदागीवर, त्यामुळे ज्याचं खायचं त्याचं गायचं हेही खरं. पण त्या दणदणाटातसुद्धा आत एक घर असतंच, ऐकायचं असेल त्याने ऐकावं.

पानिपतचं तर बोलायलाच नको. १४ जानेवारी १७६१. नानासाहेब पेशव्यांना बातमी कळली ती सावकारी चिठ्ठीच्या भाषेत, मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला त्याला गणतीच नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार. आणि खुर्दा? खुर्दा म्हणजे आपण, म्हणजे तुमचे माझे खापरपणजोबा, सुट्टे पैसे. मला विचाराल तर युद्धावरची मराठीतली सगळ्यात भेदक कविता हीच, आणि ती लिहिणाऱ्याला आपण कविता लिहितोय हे माहीतही नव्हतं. नानासाहेब त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर गेले. भाऊसाहेबांच्या पार्वतीबाईंनी तर नवरा गेला हे शेवटपर्यंत मानलंच नाही असं सांगतात, कुंकू लावत राहिल्या. तारेतला 'रिग्रेट' वाचून आमच्या वरच्या आळीतलीही बरेच दिवस म्हणायची की नंबर चुकला असेल, दुसऱ्या कुणाची असेल.

पुढे गोविंदाग्रजांनी, म्हणजे गडकऱ्यांनी, पानिपतावर लिहिलं, आणि त्यासाठी पोवाडा न घेता फटका निवडला. फटका हा प्रकार अनंत फंदीचा, 'बिकट वाट वहिवाट नसावी' वाला, कान उपटणारा. 'कौरव-पांडव-संगर-तांडव' अशी सुरुवातच काय दणकेबाज, पण तोंडात घोळवून बघा, चाल नाचायची आणि सांगणं रडायचं. आणि फटका बसणे म्हणजे नुकसान होणे हा अर्थ आहेच शेजारी उभा.

लावणीबद्दल लेखात चकार शब्द नाही याचं आश्चर्य वाटलं. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की फौजा निघायच्या त्या आठ-आठ महिने घराबाहेर. स्वारीवर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी बाई हा शाहिरी लावणीतला नेहमीचा विषय, एकाच फडावर पोवाड्यात तो लढतोय आणि लावणीत ती जळतेय. आपण शृंगार म्हणून शिट्ट्या मारल्या आणि सोडून दिलं.

पहिल्या महायुद्धाचं मात्र लेखकाला मी अर्धं मान्य करतो. आमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावची ४६ माणसं त्या लढाईत गेली, गावात इंग्रजांनी उभारलेला स्तंभ आहे. मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुत अल अमाराच्या वेढ्यात अडकल्या, डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत, शेवटी खायला घोडी कापली तेव्हा आपले बरेच शिपाई उपाशी राहिले पण शिवले नाहीत. यावरची कविता मला तरी शाळेच्या पुस्तकात कधी भेटली नाही. कितीतरी गावांत चावडीच्या भिंतीला संगमरवरी पाटी असते, या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, पैकी इतके मेले. बस. आकडे आहेत, नाव एक नाही. परत खुर्दाच. त्यापेक्षा भीमा कोरेगावचा स्तंभ बरा म्हणायचा, तिथे निदान 'नाक' शेवटाला असलेली महार शिपायांची नावं दगडात कोरलेली आहेत आणि म्हणूनच त्यांच्यावर आजही गाणी होतात. नाव असलं की गाणं बांधता येतं, आकड्यावर काय बांधणार.

दुसऱ्या महायुद्धात मात्र उलटं झालं. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. कुठे वारणेकाठ, कुठे व्होल्गा! मुंबईतल्या कामगार चाळीत डफावर लाल सैन्याची लढाई, आणि लोक ऐकायचे, कारण ती लढाई त्यांना आपली वाटत होती. पण त्याच अण्णा भाऊंनी 'बंगालची हाक'ही लिहिली, १९४३ च्या दुष्काळावर. तिथे लढाई नव्हती, तांदूळ नव्हता. फौजेसाठी खरेदी, भाव आभाळाला, ब्रह्मदेशचा तांदूळ जपान्यांमुळे बंद, सरकारचं लक्ष भलतीकडे, आणि लाखो माणसं एक गोळी न चालता मेली. एकाच माणसाने एका हाताने जिंकण्याचा पोवाडा आणि दुसऱ्या हाताने त्याच युद्धाचं बिल लिहिलं. लेखात पहिलं आहे, दुसरं नाही. मर्ढेकरांचे ते पिपात मेलेले उंदीर पण १९४७ च्या 'काही कविता'तले, महायुद्ध संपून दोनच वर्षं झालेली, त्यात बंदूक नाही की शिपाई नाही पण मेलेल्यांच्या माना तेवढ्या दिसतात. पण तो वाद मोठा आहे, इथे नको.

१९६२ ला चीनने हल्ला केला, यशवंतराव दिल्लीला गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला वगैरे, तेव्हा सगळ्यांनीच पेटून लिहिलं आणि लिहायलाच हवं होतं, गदिमांचं 'जिंकू किंवा मरू' दुसऱ्याच वर्षी 'छोटा जवान' सिनेमात आलं, मी आजही ऐकलं की ताठ बसतो, त्यात लाज कसली. पण इंदिरा संतांची 'औक्षण' काढून वाचा, दहावीच्या कुमारभारतीत आहे, पोराकडून पुस्तक मागून घ्या. लढायला निघालेल्याला ओवाळायचंय आणि ओवाळणारीची मूठ रिकामी, पैसा नाही, अंगात रक्त नाही, जीव ओवाळावा तर तोही एवढासा. इंदिराबाई राहायच्या बेळगावात, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर बेळगावलाच. भरती झालेली पोरं ट्रंका घेऊन येताना, ट्रेनिंग संपवून जाताना त्या गावाला रोजची दिसणारी. पद्मा गोळ्यांच्या 'निरोप'मधली आईसुद्धा पोर रणाला निघालं म्हणून दाराला तोरण बांधते, तोरण! मंगल कार्याची सगळी तयारी आहे आणि वाचताना घशाशी येतं. मघाशी लग्नघर म्हटलं ना, ते हेच, फक्त इथे बायकांनी स्वतः लिहिलंय. आणि लेखात एकाही बाईचं नाव नाही.

तर त्या फेटेवाल्या पोराचं सांगायचं राहिलं. कार्यक्रम झाल्यावर एसटी स्टँडवर भेटलं, वडापाव खात होतं. म्हटलं शेवटचं कडवं येतं का रे, तर तोंडात घास ठेवूनच म्हणून दाखवलं, सगळं, न चुकता. मग म्हणालं, आजोबा विराणी म्हणजे काय हो? मी काहीतरी सांगणार तेवढ्यात लक्षात आलं हे तर वरच्या आळीतलं, त्याच घरातलं, ती तेव्हाची सून याची पणजी. अजून आहे, ऐकू कमी येतं. मी म्हटलं, गाडी लागली बघ, पळ.

संपादक साहेब, एकच विनंती, पुढच्या रविवारी जागा असेल तर 'औक्षण' पूर्ण छापा, परवानगी लागत असेल तर ती काढून छापा. आणि 'सात जण' म्हणून मोठ्ठं रंगीत चित्र टाकलं होतं त्याच्याखाली ते शेवटचं कडवंही द्या, चार ओळींना कितीशी जागा लागते.

आपला,
एक जुना वर्गणीदार, जि. सातारा

ता. क. : लेखात दोन ठिकाणी 'नेसरी'चं 'केसरी' छापलं गेलंय. नेसरी गडहिंग्लज तालुक्यात आहे, केसरी पुण्याला निघतो.