वकीलताई, तुम्ही मला आधी 'नाही' म्हणालात, त्याबद्दल

आदरणीय वकीलताई,
सप्रेम नमस्कार.

डाव्या हातानं लिहितेय, अक्षर गोड मानून घ्या. (खरं तर मी सांगतेय आणि लेक मोबाइलवर लिहितेय, पण म्हणायची सवय गेली नाही.)

फेब्रुवारी 2021 मध्ये न्हाणीत पाय घसरला आणि माझं उजवं मनगट मोडलं. ऐन लग्नसराईत, घरात सतरा ब्लाउज शिवायचे पडलेले. संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यात प्लास्टर घातलं. तिसऱ्या रात्री बोटं वांग्यासारखी जांभळी पडली, आत नुसती आग. अंबडहून दोनदा गाडी करून गेले. दोन्ही वेळा एकच उत्तर, "दुखणारच, मनावर घेऊ नका." प्लास्टर कुणी सैल केलं नाही. सहा आठवड्यांनी काढलं तेव्हा हात लाल, चकचकीत, घामेजलेला. पदराचा काठ लागला तरी इंगळी डसल्यासारखं व्हायचं. घरचे म्हणायचे नाटक करते. शेवटी घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, त्याला नाव मिळालं, सीआरपीएस. जखम भरली तरी नसा दुखल्याची वर्दी देतच राहतात. चोर केव्हाच पळाला, पण कुत्रं भुंकायचं थांबत नाही, तसं.

डिसेंबर 2022 मध्ये तुमच्याकडे आले ती भांडायच्या तयारीनं. त्यांनी माझा हात घालवला, एवढंच मला लिहून हवं होतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "असं लिहायचं नाही." हा आजार प्लास्टर नीट घातलं तरी होऊ शकतो, डॉक्टरांच्या चुकीनंच झाला असं आपल्याला सिद्ध करता येणार नाही. तेव्हा तुमचा राग आला होता, आता सांगते. एसटीत जालन्याहून अंबडपर्यंत रडत आले.

पण दुसऱ्या दिवशी तुमचाच फोन आला. दवाखान्याला लेखी अर्ज द्या, कागद मागा, 72 तासांत द्यावे लागतात. मिळालेल्या कागदांत दुसऱ्या खेपेची चिठ्ठी होती. कुण्या शिकाऊ डॉक्टरनं लिहिलेलं, 'बोटांना सूज, रंग बदललेला, तीव्र वेदना.' आणि पुढे उपचाराच्या जागी फक्त वेदनाशामक गोळी. तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवलंत, "आपला दावा हा एवढाच." मी दुखतंय म्हणाले होते आणि ते त्यांच्याच हस्ताक्षरात होतं. दोन वर्षं घरात कुणी मानलं नव्हतं, ताई. तो कागद मी सासूबाईंना वाचून दाखवला.

सासूबाईंचा प्रश्न मात्र वेगळाच, डॉक्टरवर कुठं केस होते का? पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयानं 1995 सालीच सांगितलंय, हे तुम्ही त्यांना आमच्या ओट्यावर बसून समजावलंत. 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे जालन्यालाच, तक्रार टाकता येते. बिल पाच लाखांच्या आत, म्हणून तक्रारीची फी नाही. त्या खेपांपासून सरळ मोजली तर दोन वर्षांची मुदत संपायला थोडेच आठवडे उरले होते, हे मात्र तुम्ही तक्रार दाखल झाल्यावर सांगितलंत.

समोरचे वकील एक्स-रे उंच धरून म्हणाले, हाड सरळ जुळलंय, मग दुखतं कुठं? तेव्हा तुम्ही माझी वही काढलीत. किती दुखलं ते लिहू नका, काय जमलं नाही ते लिहा, असं तुम्हीच बजावलं होतं. हुक लावता आला नाही. भाकरी थापता आली नाही. लेकीची वेणी घालता आली नाही. लेक स्वतःच ते लिहून घ्यायची. वेणीच्या पानावर तिनं खाली 'चालतंय आई' असं लिहिलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

निकाल लागला. मागितलं त्याच्या निम्म्याहून कमी मिळालं, आणि आजारासाठी नाही, त्या दोन खेपांच्या हयगयीसाठी. त्यांनी अपील केलंय, पण अर्धी रक्कम भरून. हात अजून दुखतो. गोळ्या आणि व्यायाम चालू आहेत, थंडीत जास्त त्रास होतो.

तुमच्या फीचे राहिलेले पैसे लेकीनं पाठवलेत, परत करू नका. आणि पुढच्या तारखेला येताना मापाचा एक जुना ब्लाउज घेऊन या. डाव्या हातानं खडूच्या खुणा मी करते, कापायला आणि शिवायला लेक आहे. बाही मात्र मी सांगेन तशीच होईल.

तुमची,
अंबडची शिंपीणबाई