आईच्या पोटाबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की आई "काही नाही गं, गॅसेस आहेत" म्हणून फोन बाबांच्या हातात देते. म्हणून पत्र.

आई, वालाची उसळ रात्री खाऊनही तू खुशाल झोपायचीस. दिवाळीपासून मात्र रोज पोट तट्ट फुगतंय, अर्ध्या भाकरीतच नको होतं, ओटीपोटात दुखतं, लघवीला सारखं उठावं लागतं. सुटं सुटं पाहिलं तर यात काहीच विशेष नाही. पण पन्नाशीनंतर हे नव्याने सुरू झालं आणि महिन्यात १२ पेक्षा जास्त वेळा होऊ लागलं, तर अंडाशयाचा कॅन्सर नाही ना, हे तपासायचं असतं. ब्रिटनमध्ये तर डॉक्टरांना तशी लेखी सूचनाच आहे. बहुतेक बायकांमध्ये दुसरंच काहीतरी निघतं, तुझंही तसंच निघेल. पण हा आजार बहुधा उशिराच सापडतो, कारण अंडाशयं खोल आत असतात आणि बाई हिंगाष्टक खात बसते.

"माझी पिशवी काढलीय" हे तुझं उत्तर मला माहीत आहे. पिशवी काढताना अंडाशयं पुष्कळदा तशीच ठेवतात. तुझी ठेवली की काढली, ते ऑपरेशनच्या कागदांत असेल. बाबा, लोखंडी कपाटातली फाइल काढा, विजेच्या बिलांखाली असेल. दोन्ही काढलेली निघाली तरी डॉक्टरांकडे जायचंच आहे. आणि शिबिरात केलेली पॅप टेस्ट गर्भाशयाच्या मुखाची होती, तिच्यावरून अंडाशयाचं काही कळत नाही.

दुसरं, आजी गेली तेव्हा "पोटात पाणी झालं होतं" एवढंच आपल्याकडे सांगतात. कशामुळे झालं, ते मामाला विचार. मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता, हेही डॉक्टरांपुढे बोलायचं, घरातली गोष्ट म्हणून झाकायचं नाही. बीआरसीए जनुकात दोष असेल तर स्तनाचा आणि अंडाशयाचा, दोन्ही कॅन्सरचा धोका वाढतो, आणि तो दोष मुलांकडे उतरू शकतो. म्हणजे यात माझाही स्वार्थ आहे, असं समज.

तपासण्या दोनच, सोनोग्राफी आणि रक्तातली सीए-१२५. बाबा, रक्ताचा आकडा ३५ च्या वर दिसला तर लगेच डोक्याला हात लावून बसू नका. पोटाच्या टीबीतही तो वाढतो आणि पोटात पाणीही होतं. उलट, सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये तो नॉर्मल येऊ शकतो. तेव्हा रिपोर्ट डॉक्टरच वाचतील, तुम्ही मोबाइलवर शोधत बसायचं नाही.

तोवर एक काम करा. कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडता ना, तिथेच आईचं पोट फुगेल त्या दिवशी फुली मारा, दुखलं तर शेजारी टिंब. आईला विचारून नको, ती "आज बरं आहे" म्हणेल. ताटात किती टाकलंय ते बघून मारा.

मी शनिवारी येतेय. सोमवारी सकाळची वेळ घेतली आहे, डॉक्टर बाई आहेत, त्यामुळे आईने लाजायचं कारण नाही. सोनोग्राफीसाठी भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून ठेवायला सांगितलंय, म्हणून एसटी नको, रिक्षाच करू. पैशांवरून वाद घालायचा नाही.

तुमची,
धाकटी