आठवी कोण?

विलेपार्ले, रविवार रात्र

प्रिय नले,

दिवाळीला तू फोन केला नाहीस म्हणून मीही केला नाही. आता मार्च लागला, तेव्हा फिट्टंफाट झाली असं धर. तब्येत ठीक. साखर जरा वर आहे, गोळी बदललीय. यांचं बरं चाललंय. झालं.

लिहितेय ते वेगळ्याच कारणासाठी. आमच्या भिशीने क्रूझ ठरवलीय, बॅलार्ड पिअरहून गोवा आणि परत. मालूताईंच्या भाच्याने "माणशी एवढे" असा आकडा आणला आणि सगळ्या हवेत. कागद आले माझ्याकडे. मला तर लगेच तू दिसलीस, दस्तुरी नाक्यावर वही उघडून उभी! "माथेरानचा प्रवेश कर वर्गणीत धरलेला नाही, ज्याचा त्याने भरा." शैला म्हणाली, आधी सांगायचं. तू म्हणालीस, आधी विचारायचं. तेव्हापासून मी तुम्हा दोघींमधली पोस्टमन.

म्हणून या वेळी आधी विचारलं. एजंटला फोनवर धरून एकेक ओळ वाचून घेतली. भाड्यात खोली, बुफेतला नाश्ता आणि दोन्ही जेवणं, तिथलाच चहा, रात्रीचे शो, पोहायचा तलाव. इथवर झकास. मग "ते वेगळं हं मॅडम" सुरू झालं. बंदराचं शुल्क वेगळं, जीएसटी वेगळा. टिप वेगळी, आणि तीही आपल्या मर्जीची नव्हे. माणशी, दर रात्रीची, परस्पर बिलात. कोल्ड्रिंक, कॅफेतली कॉफी, वायफाय, बुफे सोडून दुसऱ्या रेस्टॉरंटात बसलात तर ते जेवण, डॉक्टरची फी, सगळं वर. बोटीवर रोकड चालत नाही. खोलीचं दार ज्या कार्डाने उघडतं तेच दाखवायचं, रक्कम खात्यावर चढत जाते आणि उतरायच्या आधी बिल हातात. कुसुम खूश, "म्हणजे पैसे द्यावेच लागत नाहीत!" तिच्या हाती कार्ड देऊच नये या मताची मी आहे. आणि गोवा म्हणजे मुरगाव बंदर गं. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. बोटवाल्यांची बस घ्या नाहीतर टॅक्सी करा, खिसा आपलाच.

फसवलं असं मी म्हणणार नाही, सगळं छापलेलं आहे. फक्त आकडा पहिल्या पानावर नारळाएवढा आणि बाकीचं शेवटच्या पानावर मोहरीएवढं.

खरा घोळ पुढेच आहे. तो आकडा दोघींत एक खोली धरून. आम्ही सात! सातवी एकटी राहिली तर तिने जवळजवळ दोघींचं भाडं भरायचं. तिघींत एक खोली घेतली तर तिसरीला सवलत आहे, पण तिचा पलंग भिंतीतून बाहेर ओढतात आणि शिडीने वर चढावं लागतं. हे मी वाचलं मात्र, नले, खोलीभर गुडघेच गुडघे. मालूताईंनी ऑपरेशनचा व्रण दाखवायला साडी वर घेतली, तशी कुसुमचे यजमान पेपर घेऊन गॅलरीत पळाले. एकीला चक्कर येते, एकीला रात्री उठावं लागतं. कुसुमच्या शेजारी तर खालीसुद्धा कुणी झोपायला तयार नाही, कारण ती घोरते. ती म्हणते, बोटीला इंजिन असतंच की. तेवढ्यात मालूताईंनी १९४७ला बुडालेली रामदास बोट काढली. म्हटलं, झाली आमची क्रूझ.

शैला गप्प होती. निघताना, चपलेचा पट्टा लावता लावता, हळूच म्हणाली, "मी नाही येत गं. तुम्ही सहा बरोबर बसता." पहिला हप्ता सर्वांच्या आधी तिचा आला होता. शिकवणीच्या फीच्या नोटा, शंभराच्या, दोनशेच्या, रबर लावून. आणि बोटीचं वेड कुणाला, तर तिलाच. दर मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून वेंगुर्ल्याला जायची ना, डेकवर वळकटी टाकून. पडावात उतरतानाची तिची नक्कल तू किती छान करायचीस!

बाकीच्या म्हणाल्या, "चला, प्रश्न सुटला." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. एकटीच्या खोलीचा जादा भार सातजणींनी वाटून घेऊ म्हटलं, तर कुसुम विचारते, टिपपण वाटायची का? आणि समजा घेतला वाटून, तरी शैला तो घेईल का? तुला माहीत आहे ती कशी आहे. बसचं तिकीट काढलं तरी दुसऱ्या दिवशी सुटे पैसे आणून हातावर ठेवणारी. दोन रात्री हेच डोक्यात.

तर नले, आठवी तू हो. आठ म्हणजे चार खोल्या, कुणाला शिडी नाही, कुणाला जादा नाही. खोली शैलाबरोबर. किंचाळू नकोस. माझ्याबरोबर का नाही, विचारशील. मी कुसुमबरोबर आहे, अजून किती त्याग करू? शैलाला मी अजून काही बोललेले नाही. तिला तू फोन करायचा. नंबर तोच आहे, आणि तुझ्याकडे आहे हे मला ठाऊक आहे.

मनूच्या लग्नाचं जमलं का? नाशिकच्या घराचा रंग झाला? विहीणबाई गेल्या का एकदाच्या? सगळं सविस्तर ऐकीन, तिकडे भरपूर वेळ आहे.

एजंट पंचवीस तारखेच्या पुढे थांबणार नाही. आधार कार्डाचे फोटो पाठव, दोन्ही बाजूंचे, आणि मागच्या वेळेसारखा अर्धा अंगठा नको त्यात.

तुझी,
कुंदा