‘होय’चे बहुमत झाले, पण ‘होय’ म्हणाले कोण?

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र विधानसभा,
विधान भवन, मुंबई.

विषय: प्रत्येक विधेयकावरचे मत आमदारांच्या नावानिशी नोंदवून त्याच दिवशी जाहीर करण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. हे पत्र एका पत्रकामुळे लिहावे लागत आहे. निवडणुकीतले नेहमीचेच पत्रक. वर विद्यमान आमदारांचा मुद्दाम काळपट छापलेला फोटो, खाली आठ ओळी: ‘अमुक विधेयकाला पाठिंबा दिला’, ‘शेतकऱ्यांच्या मदतीविरोधात मत दिले’, ‘तमुक कायद्याच्या वेळी पळ काढला’. तिसऱ्या दिवशी आमदारांचे उलटपत्रक: ‘धादांत खोटे, पुरावा द्या’. पुरावा आव्हान देणाऱ्या उमेदवाराकडे नव्हता, आमदारांकडेही नव्हता. त्यांच्या कार्यालयाने ‘पाच वर्षांतल्या मतांचा तक्ता देतो’ असे कबूल केले होते. आला तो गुळगुळीत कागदावरचा कार्य अहवाल. त्यात गटारे होती, पेव्हर ब्लॉक होते, सभामंडप होते, हायमास्ट दिवे होते. मत एकही नव्हते.

आमदारांवर राग काढून उपयोग नाही, कारण असा तक्ता त्यांना तरी कोण देणार? तो आपल्या सभागृहात तयारच होत नाही. म्हणून हे पत्र आपल्याला.

कायदा संमत होतो तो क्षण आपण रोज पाहता, तरी इथे मांडतो, कारण बहुतेक मतदारांनी तो कधी पाहिलेला नाही. पीठासनावरून सांगितले जाते, ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.’ बाकांवरून आवाज येतो. ‘प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे.’ दुसरीकडून आवाज येतो. ‘होयचे बहुमत, होयचे बहुमत. विधेयक संमत झाले.’ अर्धा मिनिटही लागत नाही. कोण बोलले, कोण मोबाइलमध्ये डोके घालून होते, कोण लॉबीत चहा घेत होते, याची नोंद कुठेच नाही. कार्यवाहीच्या प्रतीत चर्चेची पानेच्या पाने असतात, मध्येच मारलेला टोमणासुद्धा छापलेला असतो. आणि ज्यासाठी एवढी यातायात, त्याचा निकाल एका ओळीत: प्रस्ताव मतास टाकण्यात आला व संमत झाला. कुणाकुणाच्या मताने, हे विचारायचे नाही.

गणपूर्तीचा हिशेब मांडला की अंगावर काटा येतो. घटनेच्या अनुच्छेद १८९ प्रमाणे एक दशांश सदस्य हजर असले की सभागृह चालते. २८८ चा एक दशांश म्हणजे २९. निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो, म्हणजे पंधरा ‘होय’ पुरे. २०११ च्या जनगणनेत सव्वाअकरा कोटींच्या घरात असलेल्या राज्याला लागू होणारा कायदा तत्त्वतः पंधरा जणांच्या आवाजावर होऊ शकतो, आणि ते पंधरा कोण हे शोधून काढायला पुढे इतिहाससंशोधक लागतील.

आपल्याकडे डोकी मोजता येत नाहीत असे मात्र नाही. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी विश्वासदर्शक ठरावावर शिरगणती झाली: बाजूने १६९, विरोधात शून्य, तटस्थ चार. ३ जुलै २०२२ रोजी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत १६४ विरुद्ध १०७. दुसऱ्याच दिवशी विश्वासदर्शक ठरावावर १६४ विरुद्ध ९९. सदस्य एकेक करून उभे राहिले आणि मोजले गेले, साऱ्या महाराष्ट्राने ते टीव्हीवर पाहिले. छत कोसळले नाही. उलट १२ नोव्हेंबर २०१४ रोजी नव्या सरकारवरचा विश्वासदर्शक ठरावच आवाजी मतदानाने मंजूर झाला आणि ‘मतविभाजन (डोकी मोजून मतदान) का नाही’ यावरून केवढे रण माजले, ते विसरण्यासारखे नाही. त्या वेळी ओरडणारे पक्ष नंतर सत्तेत आले. सामान्य विधेयकांवर नावानिशी मतदान करायचे त्यांनाही सुचले नाही. खुर्ची पणाला लागली की डोकी मोजायची, कायदा पणाला लागला की कान टवकारायचे, अशी ही सर्वपक्षीय रीत आहे.

अलीकडचे उदाहरण घ्या. कडव्या डाव्या संघटनांना आळा घालण्यासाठी म्हणून आणलेले जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत आवाजी मतदानाने संमत झाले. माकपचे एकमेव आमदार विनोद निकोले यांचा विरोध लोकांना कळला, कारण ते एकटे पडले होते. उरलेल्या विरोधी बाकांवर त्या क्षणी कोण हजर होते, कोण ‘नाही’ म्हणाले, कोण गप्प बसले? सभागृहाबाहेर विरोधाची भाषणे पुष्कळ झाली. पुढच्या निवडणुकीत यातल्या एखाद्या आमदाराविरुद्ध पत्रक निघेल, ‘यांनी जनसुरक्षा विधेयकाला मूक संमती दिली’, आणि ते म्हणतील, ‘मी विरोधच केला होता’. दोघांपैकी खोटे कोण, हे सांगू शकणारा कागदाचा एक कपटाही अस्तित्वात नाही.

अशी पत्रके तपासणे हे आमच्यासारख्या काही मतदारांनी अंगावर घेतलेले काम आहे, त्यामुळे त्यातल्या खुब्या आम्हाला पाठ आहेत. पहिली खुबी गैरहजेरीची. विधेयकाच्या दिवशी आमदार सभागृहात नव्हते, तर ‘विरोध केला’. पत्रकवाल्याला पाठिंबा दाखवायचा असेल तर त्याच गैरहजेरीची ‘मूक संमती’ होते. हजर राहून तटस्थ राहणे वेगळे, सभात्याग वेगळा, लक्षवेधी आटोपून गावी निघून जाणे वेगळे. पत्रकात तिन्ही एकच. दुसरी खुबी हजेरीच्या टक्क्यांची. संसदेत मंत्री आणि विरोधी पक्षनेते हजेरीपटावर सही करत नाहीत. त्यांच्या नावापुढची रिकामी जागा ‘शून्य टक्के हजेरी’ म्हणून खपवली जाते. खुद्द आपल्यालाही हे लागू आहे. अध्यक्ष पहिल्या फेरीत मत देत नाहीत, समसमान मते पडली तरच निर्णायक मत देतात. उद्या आपल्या मतदारसंघात ‘पाच वर्षांत एकही मत दिले नाही’ असे पत्रक वाटले गेले, तर आपण घटना समजावून सांगत दारोदार फिरणार का?

तिसरी खुबी सगळ्यांत सफाईदार: कपात सूचना. अर्थसंकल्पातल्या एखाद्या मागणीवर विरोधक कपात सूचना देतात. लोकसभेच्या नियमांत तिचे तीन प्रकार आहेत: धोरण नापसंत असेल तर मागणी एक रुपयावर आणा, खर्च कमी करायचा असेल तर अमुक रकमेने कमी करा, आणि एखादे गाऱ्हाणे वेशीवर टांगायचे असेल तर शंभर रुपयांनी कमी करा. या शेवटच्या प्रकारात शंभर रुपयांशी कुणाला देणेघेणे नसते, मंत्र्यांना उत्तर द्यायला लावणे हा हेतू. समजा विरोधकांनी बोंडअळीच्या भरपाईतल्या दिरंगाईवर अशी शंभराची सूचना दिली. सत्ताधारी आमदार ती पाडणारच, कारण ती मंजूर झाली तर सरकारची नाचक्की. पत्रकात छापून येते: ‘कापूस उत्पादकांच्या विरोधात मत’. याच्या उलटही होते. मागण्यांवरची वेळ संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या गिलोटिन लावून एका दमात मताला टाकतात. त्या गठ्ठ्याला विरोध केला तर ‘शाळा आणि दवाखान्यांच्या निधीला विरोध’, विरोध केला नाही तर ‘सरकारच्या उधळपट्टीला साथ’. कुणालाही कशातही बसवता येते, आणि मत नोंदलेलेच नसल्यामुळे बसवणाऱ्याला धाकही नाही.

कायद्याने आळा घालावा म्हटले तर तिथेही आनंद आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२७ अ प्रमाणे पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता लागतो. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते नाव छापले की बाकी मजकुराला मोकळे रान. कलम १२३(४) खोट्या विधानाला भ्रष्ट आचरण ठरवते, पण ते उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी असेल तर. राजकीय वागणुकीवरची टीका त्यात सहसा बसवता येत नाही. आचारसंहिता तर सांगते की टीका धोरणे, कार्यक्रम, पूर्वीची कामगिरी आणि काम एवढ्यापुरतीच ठेवा, खातरजमा न झालेले आरोप टाळा. उत्तम. पूर्वीच्या कामगिरीची खातरजमा करायची कुठे, एवढेच सांगायचे राहून गेले आहे.

माहितीचा अधिकार सुचवू नका, ही विनंती. अस्तित्वात असलेला कागदच त्या कायद्याने मिळतो. जी नोंद घेतलीच गेली नाही तिच्यासाठी अर्ज करायचा, तीस दिवस थांबायचे, अपील करायचे आणि शेवटी ‘माहिती उपलब्ध नाही’ हे खरेखुरे उत्तर हातात घ्यायचे. उमेदवाराच्या शपथपत्रात सोने किती ग्रॅम, जमीन किती, कर्ज किती, खटले किती हे सांगणे सक्तीचे आहे. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडून मिळाले, तेव्हा २००३ पासून मिळते आहे. बायकोच्या अंगावरचे दागिने आम्हाला कळतात, नवऱ्याचे सभागृहातले मत कळत नाही.

खरी चीड इथेच आहे, महोदय. मत कुणालाच कळत नाही असे नाही. ते पक्षाला कळते. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेली दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, सांगते की पक्षादेशाविरुद्ध (व्हिपविरुद्ध) मत दिले किंवा पूर्वपरवानगीशिवाय मतदानापासून दूर राहिले आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तर आमदारकी जाऊ शकते. पक्षादेश काढणारे प्रतोद कुणाकुणावर डोळा ठेवून असतात हे आम्ही आपल्याला सांगावे असे नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत २००३ पासून तर आमदाराने मतपत्रिका पेटीत टाकण्यापूर्वी आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला उघडून दाखवायची असते. तीन लाख मतदारांनी निवडून दिलेला माणूस मत दाखवतो कुणाला, तर पक्षाने खुर्ची टाकून बसवलेल्या एका गृहस्थाला. मतदार गेला उडत. किहोटो होलोहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्येच म्हटले होते की अपात्रतेची टांगती तलवार विश्वासमत आणि पक्षाच्या मूळ कार्यक्रमाचे विषय एवढ्यापुरती असावी. त्याआधी १९९० मध्ये निवडणूक सुधारणांवरच्या गोस्वामी समितीनेही पक्षादेश आवरायला सांगितले होते. पस्तीस वर्षे झाली. सगळ्या पक्षांचे एकमत होते अशा दुर्मीळ विषयांपैकी हा एक: आमदाराने विचार करू नये आणि मतदाराने विचारू नये.

दिल्लीत फार वेगळे चित्र आहे असेही नाही. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयके गदारोळात आवाजी मतदानाने संमत झाली, मतविभाजनाची मागणी होत असताना. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तेच कायदे रद्द करणारे विधेयकही आवाजानेच, आणि तेही चर्चेविना. आणताना कोण होते आणि काढताना कोण होते, कुणाच्या खात्यावर मांडणार? याच संसदेत २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचे विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी लोकसभेत संमत झाले. घटनादुरुस्ती असल्याने मतविभाजन करावेच लागले. विरोधातल्या दोघांपैकी एक औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी वेगळा कोटा नाही, हे त्यांच्या पक्षाचे कारणही जाहीर होते. २०२४ च्या निवडणुकीत तिथल्या मतदारापाशी नाव होते, मत होते आणि कारणही होते. कुणाला ते पटले असेल, कुणाला संताप आला असेल. ‘मी तसे केलेच नाही’ असे मात्र कुणी म्हणू शकत नव्हते. प्रतिस्पर्ध्याने आमदार-खासदाराच्या मतांवर टीका करायची ती अशी करता यावी.

यंत्रणा नाही, हे उत्तर चालणार नाही. महिला आरक्षणाच्या त्या दिवशी नव्या संसद भवनात लोकसभेचे मतदान चिठ्ठ्यांवर झाले, बटणांची व्यवस्था अजून सुरू व्हायची होती. यंत्र आले तरी चिठ्ठी सुटत नाही, हेही लिहून ठेवतो. १७ डिसेंबर २०२४ रोजी नव्या भवनातल्या लोकसभेत पहिल्यांदा बटणे दाबली गेली, तेव्हा यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्यांनी दुरुस्त झालेला २६९ विरुद्ध १९८ हा आकडा यांत बराच फरक होता. वेळ नाही, हेही चालणार नाही. एका सदस्याला नाव आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणायला चार सेकंद धरा. २८८ जणांना वीस मिनिटेही लागत नाहीत. अधिवेशनात वीस विधेयके आली तर सगळे मिळून सात तासांच्या आत. आकडा थोडा इकडेतिकडे होईल. गोंधळात तहकूब होणाऱ्या एका दिवसात तो भागतो.

मागणी मोठी नाही. अनुच्छेद २०८ प्रमाणे सभागृह आपले नियम आपणच करते. घटनादुरुस्ती नको, केंद्राची परवानगी नको. नियम समितीपुढे एवढे न्यावे: प्रत्येक विधेयकाच्या शेवटच्या वाचनाला आणि मताला टाकलेल्या प्रत्येक दुरुस्तीला नावानिशी मतदान. त्यात चार रकाने: होय, नाही, हजर पण तटस्थ, गैरहजर. गैरहजेरीत रजा मंजूर होती का, हा पाचवा. मंत्री आणि अध्यक्षांच्या नावापुढे तशी खूण. पक्षादेश निघाला असेल तर ‘होता’ एवढा शब्द, म्हणजे मत आमदाराचे होते की प्रतोदांचे, हे वाचणाऱ्याला समजेल. मतविभाजन मागूनही नुसती उभी डोकी मोजायची आणि नावे लिहायची नाहीत, अशी सोय लोकसभेच्या नियम ३६७ मध्ये आहे. तिची नक्कल तेवढी नको. तक्ता त्याच संध्याकाळी मराठीत, शोधता येईल अशा मजकुरात टाकावा. वाकडे स्कॅन केलेले पान नको.

हे पत्र कक्ष अधिकाऱ्याकडून अवर सचिवाकडे आणि तिथून ‘नोंद घेतली’ या शेऱ्यानिशी कपाटात जाऊ नये, एवढे पाहावे. उत्तर होकारार्थी असो वा नकारार्थी, ते कुणी दिले हे सहीखाली वाचता येईल अशा नावाने द्यावे.

कळावे,

आपले,
पत्रके तपासणारे काही मतदार