सिसिलीखालचा राक्षस आणि डाळिंबाचे दाणे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रोमन पुराणकथा म्हणजे विज्ञान ठाऊक नसलेल्या लोकांनी स्वतःची घालून घेतलेली समजूत, असे तू मागच्या पत्रात लिहिले आहेस. भूशास्त्र शिकू लागलेल्या मुलाला असे वाटावे यात नवल नाही, आणि तुझे म्हणणे सर्वस्वी चूक आहे असे मीही म्हणणार नाही. मात्र या कथा रचणाऱ्यांनी त्याआधी काय काय पाहिले होते, हे शोधत त्या वाचल्या तर हाती बरेच काही लागते, एवढे मला सांगायचे आहे.

रोमन कवी ओव्हिडने इ. स. 8 च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘मेटामॉर्फोसिस’ या काव्याचा पाचवा सर्ग घे. देवांशी वैर धरणारा टायफोयस हा राक्षस इटलीच्या दक्षिणेकडील सिसिली बेटाखाली उताणा गाडला गेला आहे. त्याचा उजवा हात ईशान्येकडील पेलोरस भूशिराखाली, डावा आग्नेयेकडील पाखिनसखाली आणि पाय पश्चिमेकडील लिलिबेअमखाली दबलेले आहेत, तर डोक्यावर एटना हा ज्वालामुखी पर्वत आहे. तो तोंडातून ज्वाला आणि राख ओकतो, आणि अंगावरचा भार झुगारून देण्यासाठी धडपडला की जमीन हादरते. या वर्णनात बेटाचा त्रिकोणी नकाशा जवळजवळ जसाच्या तसा उतरला आहे. शिवाय भूकंप आणि ज्वालामुखी या दोन वेगळ्या आपत्ती नसून बेटाच्या पोटातल्या एकाच कारणाची ती दोन रूपे आहेत, हे निरीक्षणही त्यात आहे. ज्या पेलोरसजवळ राक्षसाचा उजवा हात सांगितला आहे, तिथल्याच सामुद्रधुनीच्या काठावरचे मेसिना शहर 28 डिसेंबर 1908 च्या भूकंपात जमीनदोस्त झाले. आफ्रिकेचे आणि युरेशियाचे भूपट्ट तिथे एकमेकांना भिडतात, हे मी तुला सांगायला नको.

आता कथेची गुंफण पाहा. टायफोयसच्या धडपडीने जमिनीला भेग पडेल आणि पाताळात उजेड शिरेल, या धास्तीने पाताळाचा राजा प्लूटो आपल्या राज्याचे छत तपासायला वर येतो. तिथे प्रेमदेवता व्हीनसच्या सांगण्यावरून तिचा मुलगा क्युपिड त्याला प्रेमाचा बाण मारतो, आणि एन्नाजवळच्या सरोवराकाठी फुले वेचणाऱ्या प्रोसर्पिनाला तो पळवून नेतो. म्हणजे ऋतू का बदलतात हे सांगणारी ही कथा भूकंपाच्या कथेतूनच निघते. प्रोसर्पिनाला शोधायला निघालेली तिची आई, धान्यदेवता सेरीस, आपल्या मशालीही एटनाच्या आगीवरच पेटवते.

मला सर्वांत आवडतो तो सेरीसच्या कोपाचा भाग. ती सिसिलीतले नांगर मोडते, शेतकरी आणि बैल मारते आणि बियाणे नासवते. पुढे ओव्हिड पिकांवरची संकटे एकामागून एक सांगतो: कोंब फुटताच रोप मरते, कधी ऊन अति होते तर कधी पाऊस, वारे झोडपतात, पेरलेले दाणे पाखरे टिपतात, आणि गव्हात असे तण माजते की ते काही केल्या हटत नाही. शापाचे वर्णन इतके नेमके असायला बांधावर उभे राहून पीक गेलेले पाहिलेले असावे लागते, असे मला तरी वाटते.

प्रोसर्पिनाने पाताळात डाळिंबाचे सात दाणे खाल्ले असल्यामुळे तिची पूर्ण सुटका होत नाही. देवांचा राजा ज्युपिटर वर्षाचे दोन समान भाग करतो: सहा महिने आईजवळ, सहा महिने नवऱ्याजवळ. ती पाताळात असते तेव्हा हिवाळा, असे शाळेच्या पुस्तकांत सर्रास शिकवतात, पण सिसिलीच्या हवामानाशी ते नीट जुळत नाही. तिथे गहू शरद ऋतूतल्या पावसावर पेरतात, हिवाळ्यात शेते हिरवी असतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला कापणी होते. ओसाड असतो तो कडक उन्हाळा. म्हणून या कथेच्या मूळ ग्रीक रूपाचा अर्थ लावताना काही अभ्यासकांनी असे मांडले, की आपल्याकडे पेवात धान्य ठेवत तसे उन्हाळाभर जमिनीखाली साठवलेले बियाणे म्हणजेच ही पाताळात गेलेली मुलगी. मला हा अर्थ अधिक पटतो, कारण त्यात शेतकऱ्याचे वर्ष आहे.

तुझ्या आक्षेपाला खरे उत्तर मात्र रोमन लोकांनीच देऊन ठेवले आहे. ओव्हिडच्या आधी, इ. स. पूर्व पहिल्या शतकात, लुक्रेशियस या कवी-तत्त्वज्ञाने विचारले की वीज जर ज्युपिटर फेकतो, तर ती त्याच्याच देवळांवर का पडते? ओसाड रानात आणि समुद्रात ती का वाया जाते, आणि आकाश निरभ्र असताना का पडत नाही? ढगांतल्या वाऱ्यांवरून त्याने दिलेली कारणे आज टिकत नाहीत, पण प्रश्न पक्के आहेत. पुढे सेनेका या तत्त्वज्ञाने एट्रुस्कन (इटलीतल्या एका प्राचीन समाजाच्या) शकुनवेत्त्यांशी असलेला मतभेद मोजक्या शब्दांत मांडला: ढग आदळतात म्हणून वीज सुटते असे आपण मानतो, तर वीज सुटावी म्हणून ढग आदळतात असे ते मानतात. एवढे सगळे लिहिले गेल्यावरही रोममध्ये वीज पडलेली जागा विधिपूर्वक कुंपण घालून राखली जात होती आणि तिच्यावर कोणी पाय ठेवीत नसे.

प्रकृतीला जप. पत्राचे उत्तर सवडीने लिही.

तुझे,
बाबा