अस्सल डिस्क नाकारणाऱ्या होम थिएटर संगणकाबद्दल तक्रार

ठाणे (पश्चिम),
दिनांक : १० जानेवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : २९ ऑक्टोबर २०२४ रोजी खरेदी केलेल्या होम थिएटर संगणकावर डिस्क न चालण्याबाबत, आणि त्यासंबंधी मिळालेल्या उत्तरांबाबत.

संदर्भ : आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी झालेली सात संभाषणे, पैकी शेवटचे काल, ९ जानेवारी रोजी दुपारी.

महोदय,

काल तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी सत्तेचाळीस मिनिटे बोलून फोन ठेवला आणि लगेच पत्र लिहायला बसलो. तो कागद फाडून टाकला. आज सकाळी डोके शांत ठेवून पुन्हा लिहीत आहे. तरीही भाषा कुठे घसरली, तर त्याचे श्रेय त्या सत्तेचाळीस मिनिटांना द्यावे.

टीव्हीला जोडून डिस्कवरचे सिनेमे दाखवणारे हे यंत्र तुमचेच असल्यामुळे त्याची जास्त ओळख करून देत बसत नाही. धनत्रयोदशीच्या दिवशी गोखले रस्त्यावरील तुमच्या दालनातून ८६,४०० रुपये मोजून ते घेतले. खोक्यावर तीन गोष्टी ठळक अक्षरांत छापलेल्या आहेत : ‘ब्ल्यू-रे’, ‘फोर-के अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रे’ आणि ‘प्लेअरचा आजीवन परवाना’. पहिल्या दोन म्हणजे सिनेमाच्या डिस्कचे प्रकार, एक साधा आणि दुसरा त्याहून स्पष्ट चित्राचा; प्लेअर म्हणजे त्या चालवणारे संगणकातले सॉफ्टवेअर. खोके मी रद्दीवाल्याला दिलेले नाही. ते माळ्यावर आहे आणि हा विषय मिटेपर्यंत तिथेच राहील, याची नोंद घ्यावी.

पहिले वर्ष ब्ल्यू-रे डिस्क चालल्या, हे मान्य करतो. माझ्याकडे अशा एकशे चाळीस डिस्क आहेत आणि प्रत्येक दुकानातून पूर्ण किंमत देऊन घेतलेली आहे. स्टेशनबाहेर शंभर रुपयांत तीन सिनेमे मिळत, तो काळ मीही पाहिला आहे. पण त्या पिशव्या आमच्या घरात कधी आल्या नाहीत. गेल्या नोव्हेंबरात मी एक नवी ब्ल्यू-रे डिस्क लावली. पडद्यावर ‘प्लेअर अद्ययावत करा’ अशी सूचना आली, म्हणून ते बटण दाबले, तर ‘या आवृत्तीसाठी अद्ययावतीकरण बंद करण्यात आले आहे’ अशी दुसरी सूचना आली. असो, म्हणून आदल्याच रविवारी पाहिलेली जुनी डिस्क लावली. तीही चालेना. मग दुसरी लावली, तिसरी लावली. एका नव्या पाहुण्याच्या पायगुणाने घरातल्या एकशे चाळीस डिस्क एका संध्याकाळीत मुक्या झाल्या.

असे का झाले हे तुम्हाला ठाऊक असणारच. पण तुमच्या फोनवरच्या मंडळींपैकी एकालाही ठाऊक नव्हते, म्हणून इथे नोंदवून ठेवतो. ब्ल्यू-रे डिस्कवरचा चित्रपट एएसीएस नावाच्या कुलपात बंद असतो आणि संगणकातल्या प्लेअरजवळ त्याची किल्ली व ओळखपत्र असते. ही व्यवस्था २००६ मध्ये पहिल्या ब्ल्यू-रे डिस्क आल्या तेव्हापासूनची आहे. ज्यांची ओळखपत्रे रद्द झाली आहेत त्यांची यादी नव्या डिस्कवर येते आणि संगणकातला डिस्क वाचणारा ड्राइव्ह ती वाचून स्वतःच्या कायमच्या स्मृतीत उतरवून घेतो. त्यानंतर रद्द झालेल्या ओळखपत्राच्या प्लेअरला तो दारातही उभे करत नाही, मग आतली डिस्क पंधरा वर्षांपूर्वीची का असेना. सोसायटीच्या वॉचमनच्या हाती नवी यादी द्यावी आणि त्याने वीस वर्षे राहणाऱ्या घरमालकाला फाटकावर अडवावे, तसा हा प्रकार. वॉचमनला मी दोष देत नाही. यादी वेळोवेळी बदलणार आणि त्याबरोबर प्लेअरची किल्लीही बदलत राहावी लागणार, हे या धंद्यात पहिल्या दिवसापासून माहीत असते. ती बदलून देणे हे तुमचे काम होते आणि त्याचेच पैसे तुम्ही ‘आजीवन’ या शब्दाखाली घेतले होते.

या ‘आजीवन’चा अर्थ तुमच्या प्रतिनिधीने २ डिसेंबर रोजी मला समजावून सांगितला : “सर, लाइफटाइम म्हणजे त्या व्हर्जनचा लाइफटाइम.” त्या आवृत्तीचे आयुष्य तेरा महिने भरले. आमच्या बाल्कनीतल्या तुळशीने याहून जास्त दिवस काढले आहेत, आणि तिच्या कुंडीवर काहीही छापलेले नाही.

आता फोर-के डिस्कबद्दल. माझी मुलगी दिवाळीत अमेरिकेहून आली तेव्हा तिने तीन फोर-के डिस्क आणल्या. याआधी तिने आणलेल्या काही साध्या ब्ल्यू-रे डिस्क चालल्या नव्हत्या, कारण ब्ल्यू-रे डिस्क जगाच्या विभागांनुसार चालतात, तिकडच्या ‘ए’ विभागाच्या आणि भारत ‘सी’ विभागात. ती तक्रार मी केली नाही आणि आजही करत नाही, तो माझाच अजाणपणा. फोर-के डिस्कला मात्र विभागाचे बंधन नसते, हे नीट वाचून मगच तिला आणायला सांगितल्या होत्या. तिन्हींपैकी एकही चालली नाही, पडद्यावर फक्त नकाराचा संदेश आला. तुमच्या केंद्राने आधी दोष केबलला दिला, म्हणून १,४५० रुपयांची नवी एचडीएमआय केबल आणली. मग दोष अ‍ॅम्प्लिफायरला दिला, की तो एचडीसीपी २.२, म्हणजे केबलमधून जाणाऱ्या चित्राचे कुलूप, मानत नसेल. १३ डिसेंबर रोजी तुमचा तंत्रज्ञ घरी आला, त्याने अ‍ॅम्प्लिफायर बाजूला काढून संगणक थेट टीव्हीला जोडला आणि तोच संदेश स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. प्लेअरची नवी आवृत्ती घेतली की सगळेच सुरळीत होईल, असे सांगून तो गेला. मुलगा सुटीसाठी नातवंडांना घेऊन येणार होता, म्हणून हात दगडाखाली असलेल्या माणसासारखे मी २० डिसेंबर रोजी आणखी ४,९९९ रुपये भरले. आजीवन परवान्यानंतरचे ४,९९९ रुपये, एवढे कृपया लक्षात ठेवावे.

नव्या आवृत्तीने ब्ल्यू-रे डिस्क पुन्हा चालू झाल्या. फोर-के डिस्क लावल्यावर मात्र तिने संगणकाची तपासणी करून एक तक्ता दाखवला. ड्राइव्हसमोर हिरवी खूण, ग्राफिक्ससमोर हिरवी, टीव्हीसमोर हिरवी, आणि ‘एसजीएक्स’ या शब्दासमोर लाल फुली. दोन रात्री वाचन केल्यावर त्या फुलीचा अर्थ कळला. संगणकावर फोर-के डिस्क रीतसर चालवायची, तर परवानाधारक प्लेअरला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सुरक्षित कोठडी लागते. किल्ल्यांचा व्यवहार तिच्या आतच होतो. सातव्या पिढीपासूनच्या काही प्रोसेसरवर ती सोय होती. अकराव्या पिढीपासून घरगुती डेस्कटॉप प्रोसेसरमधून ती काढून टाकण्यात आली आणि ही बातमी २०२२ च्या सुरुवातीलाच सर्वत्र छापून आली होती. तुम्ही मला विकलेल्या संगणकातला प्रोसेसर बाराव्या पिढीचा आहे. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही ते खोके छापले, त्या दिवशीसुद्धा या यंत्रावर फोर-के डिस्क चालणे शक्य नव्हते. हा बिघाड नव्हे. बिघडण्यासाठी ती वस्तू आधी असावी लागते. हे तुमच्या अभियंत्यांना माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही, आणि माहीत होते असे मानले तर मनात जो शब्द येतो, तो मी पत्रात लिहिणार नाही असे ठरवले आहे.

डिस्कच खराब असेल ही शंकाही मी ठेवली नाही. तीनपैकी एक पिशवीत घालून ठाणे–वाशी लोकलने वाशीच्या मित्राकडे नेली. त्याच्याकडे टीव्हीखाली ठेवायचा साधा फोर-के डिस्क प्लेअर आहे. त्यात ती घातल्यावर अर्ध्या मिनिटात चित्रपट सुरू झाला. त्याने आम्हाला प्रश्न विचारला नाही, तक्ता दाखवला नाही की पैसे मागितले नाहीत.

एवढे सगळे हाताशी ठेवून मी काल फोन केला. मराठीसाठी तीन दाबले. तुमच्या प्रतिनिधीचा पहिला प्रश्न होता, “सर, डिस्क ओरिजिनल आहे का?” मी म्हटले, आहे. मग तक्रार क्रमांक विचारला, तो सांगितला, नऊ मिनिटे बासरी ऐकवली, आणि परत येऊन विचारले, “सर, एक कन्फर्म करायचं होतं, डिस्क ओरिजिनलच आहे ना?” मी पुन्हा हो म्हटले. “मऊ कापडानं पुसून बघितलीत का, सर?” मी अडुसष्ट वर्षांचा आहे. फोन खांद्यात धरून, चष्म्याच्या कापडाने, मधून बाहेर सरळ रेषेत, मी ती डिस्क त्यांच्या सांगण्यावरून पुसली, कारण ते म्हणाले, “मी लाइनवर आहे, सर.” पुन्हा लावली. पुन्हा तोच संदेश आला. तो मी अक्षर न अक्षर वाचून दाखवला. त्यावर त्यांनी निष्कर्ष काढला, “मग सर, डिस्क ओरिजिनल नसेल.”

मी आवाज चढवला नाही. त्यांना एवढेच सांगितले, की चोरून उतरवलेल्या डिस्कवर हे कुलूपच नसते, त्यामुळे हा संदेशही येत नाही. ही डिस्क अस्सल आहे म्हणूनच तुमचे यंत्र तिला नाकारत आहे. पलीकडे शांतता पसरली. मुद्दा पोचला असे मला खरोखर वाटले. मग आवाज आला, “सर, होल्ड करता का?”

यानंतर वरिष्ठ म्हणवणारे गृहस्थ फोनवर आले. त्यांनी तक्रार वाचली नव्हती, हे त्यांनीच पहिल्या वाक्यात सांगून टाकले. “सर, तोच पिक्चर ऑनलाइन आहे ना, डिस्क कशाला हवी?” मी म्हटले, तुम्ही डिस्क चालवणारे यंत्र विकले आहे म्हणून. मग ते थोडे थांबले आणि आवाज खाली आणून, उपकार करत असल्यासारखे म्हणाले, “घरात कोणी यंग आहे का? नातू वगैरे? त्याला सांगा, नेटवर एक सॉफ्टवेअर मिळतं, त्यानं लॉक निघतं. मग कुठंही चालेल. मी सांगितलं म्हणून सांगू नका.”

त्यांनीच सांगितले, असे मी सांगत आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५ अ घालण्यात आले. हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने असे संरक्षण भेदणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा त्यात आहे. त्या कलमाला अपवादही आहेत आणि घरात बसून स्वतःची डिस्क पाहणारा त्यांत बसतो की नाही, हा वकिलांनी पाहण्याचा प्रश्न आहे. माझा प्रश्न निराळा आहे. ज्या कुलपापायी तुम्ही माझ्याकडून दोनदा पैसे घेतले, त्याच कुलपाला खिळा लावून उघडण्याचा सल्ला तुमच्याच पगारी माणसाने मला द्यावा, तोही अर्धा तास माझ्यावर नकली डिस्क बाळगल्याचा संशय घेऊन झाल्यावर, आणि त्यासाठी आमच्या अकरावीतल्या नातवाला पुढे करायला सांगावे! संभाषण ध्वनिमुद्रित केले जाते, असे तुमची यंत्रणा सुरुवातीलाच बजावते. तेव्हा ते ऐकावे. माझ्या अंदाजाने हा भाग अडतिसाव्या मिनिटाच्या आसपास सापडेल.

फोन ठेवताच सेवेला पाचपैकी गुण देण्याचा संदेश आला. मी एक गुण दिला. “आपल्या कौतुकाबद्दल आभारी आहोत” असे उत्तर आले.

माझ्या मागण्या सरळ आहेत. आजीवन परवाना असताना घेतलेले ४,९९९ रुपये आणि तुमच्या सांगण्यावरून विनाकारण आणलेल्या केबलचे १,४५० रुपये परत करावेत. फोर-के डिस्क प्रत्यक्षात चालवणारे यंत्र या संगणकाच्या बदल्यात द्यावे, किंवा संगणक परत नेऊन त्याची पूर्ण किंमत द्यावी. आता घेतलेल्या नव्या आवृत्तीची किल्ली कधीपर्यंत बदलून मिळणार, हे लेखी कळवावे. पुढच्या दिवाळीत पुन्हा एका नव्या पाहुण्याच्या पायगुणाची वाट पाहण्याची माझी तयारी नाही. आणि कालच्या सल्ल्याबद्दल लेखी खुलासा हवा. ‘आपल्या भावना संबंधित विभागाकडे पोचवल्या आहेत’ हे वाक्य मला सात वेळा मिळाले आहे. आठव्यांदा पाठवू नये.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि नंतर ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, या किमतीच्या वस्तूसाठी शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदतही अद्याप संपलेली नाही. मी बँकेतून निवृत्त झालो आहे. माझ्याजवळ वेळ आहे, पावत्या आहेत आणि कागद क्रमाने लावण्याची सवय आहे.

हे सगळे लिहिताना वाईट याचे वाटते, की तुमच्याच कंपनीचा २००५ साली घेतलेला डीव्हीडी प्लेअर कल्याणला माझ्या बहिणीकडे आजही चालतो. त्याच्या खोक्यावर ‘आजीवन’ असे काहीच लिहिलेले नव्हते. त्याच्या भरवशावर मी दालनात दुसऱ्या कोणत्या कंपनीचे यंत्र पाहिलेसुद्धा नाही.

आपला,
तूर्त ग्राहक
(नाव व पत्ता पावतीवर आहे तोच. पावती बरोबर आहे.)

सोबत : खरेदीची पावती, ४,९९९ रुपये भरल्याची पावती, केबलचे बिल, खोक्याची तीन बाजूंनी छायाचित्रे, लाल फुलीच्या तक्त्याचे छायाचित्र.

ता.क. : तुमचा तंत्रज्ञ १३ डिसेंबर रोजी त्याचा स्क्रू ड्रायव्हर आमच्या टीव्हीमागे विसरून गेला आहे. तो सांभाळून ठेवला आहे. न्यायला येताना ओरिजिनल बिल आणावे.