ढकलून चालणारी बाहुली शाळेत हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दांडी धरून पुढे ढकलली की पावले टाकल्याचा भास निर्माण करणारी बाहुली आता दुकानांत क्वचितच दिसते. वास्तविक तिची रचना मुलांनी उलगडून पाहावी अशी असते. सगळा भार चाकांवर असतो; आसाच्या तारेला दोन ठिकाणी परस्परविरुद्ध दिशांना बाक दिलेला असतो, त्यामुळे एक पाय पुढे जाताना दुसरा मागे येतो आणि तळवे जमिनीला जेमतेम टेकतात. झगा लांब शिवला की चाके झाकली जातात. लबाडी म्हणावी तर एवढीच!

अमेरिकेत एनॉक मॉरिसन यांनी १८६२ मध्ये पेटंट घेतलेल्या चावीच्या बाहुलीत मात्र झग्याखालून आळीपाळीने बाहेर येणारे पायच तिला पुढे रेटत. उतारावरून केवळ स्वतःच्या वजनावर डुलत उतरणारी खेळणी त्याहून सरस म्हणावी लागतील, कारण टॅड मॅकगीर यांनी १९९० मध्ये त्याच तत्त्वाचे गणित मांडले आणि यंत्रमानवाच्या चालीचा अभ्यास करणाऱ्यांना ते उपयोगी पडले.

पुण्यात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान शिकवणारी खेळणी लोकप्रिय केली आहेतच. तेव्हा पुठ्ठा, तार आणि बाटलीची झाकणे वापरून अशी बाहुली करण्याचा उपक्रम शाळांनी कार्यानुभवाच्या तासाला घ्यावा, आणि झगा शेवटी चढवावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सांगली